ताटं किती?

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताटं किती?"

मी सौंसरच्या शाळेत नव्यानेच रुजू व्हायला आलो होतो. पांढुर्ण्याहून सकाळच्या बसने उभ्याने आलेलो, शर्ट चुरगळलेला, हातात कागदांची पिशवी. आधार, पॅन, पासबुक, मार्कशीट असं सगळं मी ओळीने टेबलावर मांडलं. टेबलामागच्या बाईंनी त्यातल्या एकाही कागदाला हात लावला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हा प्रश्न टाकला. मला वाटलं, शाळेत कुठला तरी भंडारा आहे आणि या ताटामागे वर्गणी मागताहेत. माझा स्वभाव तापट, त्यात पोटात चहासुद्धा नव्हता. मी म्हटलं, "एक लिहा माझ्या नावावर, आणि आधी हे कागद पाहा."

"एकटेच जेवता? घरी कोणी नाई?"

"आहेत ना. सात जण आहोत आम्ही. आईवडील, दोन बहिणी, बायको, मुलगी आणि मी."

"मंग सात सांगा ना जी! सात ताटं अन् एक सांगून राहिले. मायबापाले उपाशी ठेवता का?"

असं म्हणून त्यांनी माझ्या फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने सात लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि मगच कागद तपासायला घेतले. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी कोणाशी भांडायचं नाही असं बायकोला वचन देऊन निघालो होतो, म्हणून पिशवीची घडी घालत बसलो.

शाळेत त्यांना सगळे बाबूबाई म्हणत. आमच्याकडे मध्य प्रदेशात कारकुनाला बाबू म्हणतात. आमच्या शाळेत या खुर्चीवर आजवर पुरुषच बसत आलेले, त्यामुळे बाई येऊन बसल्यावर त्यांना हाक काय मारावी हे कोणालाच सुचेना. चपराशाने एकदा घाईत 'बाबूबाई' म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांनाही ते आवडत असावं, कारण फोन उचलला की त्या स्वतःच म्हणायच्या, "हाव, बाबूबाई बोलून राहिली." उंच, सडपातळ, सुती साडी, पायात पुरुषी सँडल. सौंसरमध्येच दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. घराविषयी कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं, "माझ्या घरचा मुखिया मी, सदस्य मी, अन् ऐकणारीबी मीच." आणि मग स्वतःच मोठ्याने हसायच्या.

एकट्या असूनही त्यांना एकटीपुरता स्वयंपाक जमत नसे. त्यांच्याकडे पातेलंच पाच माणसांचं होतं आणि लहान पातेलं विकत घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या पिशवीतून तीन डबे निघत. एक चपराशाचा, एक स्टाफरूममध्ये फिरणारा आणि एक त्यांचा. वांग्याची भाजी तर अशी झणझणीत की गणिताच्या सरांचं डोकं घामाने भिजायचं आणि तरी ते हात आखडता घेत नसत. मीही नाही घेतला. पहिल्या दिवसाचा राग मी त्या भाजीपायीच विसरलो असं बायको म्हणते, ते खरं असेल.

त्यांचं खरं रूप बघायचं तर फेब्रुवारीत. त्या महिन्यात सगळ्या शिक्षकांचे इन्कम टॅक्सचे कागद तयार होत आणि ते काम बाबूबाईंकडे. प्रत्येकाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात आधी पेन्सिलीने ताटांचा आकडा पडे. मग हिशेब. मग कागद वर पाठवायच्या आधी तो आकडा त्या रबराने पुसून टाकत, कारण सरकारी फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नाही. पगारदार माणसाला कर लागतो तो त्याच्या पगारावर. त्या पगारावर घरात किती तोंडं जेवतात हे फॉर्म विचारतच नाही. आमचे खेळाचे सर आणि मी एकाच वर्षी लागलेले, पगार सारखा, कर सारखा. फरक एवढाच की त्यांच्याकडे एक ताट आणि माझ्याकडे सात. बाबूबाई आम्हा दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवून नुसत्या बघत बसत.

"पाहा," त्या मला म्हणायच्या, "याच्या एका ताटाले जेवढं भेटते, त्यात तुमची सात ताटं वाढायची. अन् सरकार म्हणते दोघंबी सारखेच. हे कोणतं गणित हाय जी?"

"तुम्ही दिल्लीला पत्र लिहा ना," मी चिडवायचो.

"लिहिलं. तीनदा लिहिलं. उत्तर आलं का तुमचं पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं." आणि हे त्या अगदी अभिमानाने सांगायच्या. पत्र कुठे तरी पोचलं याचंच त्यांना कौतुक होतं.

दिल्लीने ऐकलं नाही म्हणून त्यांनी सौंसरपुरता स्वतःचा कायदा केला होता. फेब्रुवारीभर स्टाफरूमचा चहा एक-दोन ताटंवाल्यांकडून. चिवडा तीन ते पाच ताटंवाल्यांकडून. सहा किंवा जास्त ताटं असलेल्यांनी फक्त खायचं-प्यायचं आणि लाजायचं नाही. या कायद्याने चहाचा सगळा भार दोघांवर पडे, एक खेळाचे सर आणि दुसऱ्या स्वतः बाबूबाई. खेळाचे सर दर फेब्रुवारीत कुरकुरत आणि दर फेब्रुवारीत दूध आणत. आमच्या प्राचार्यांनी एका वर्षी तीनाऐवजी पाच ताटं सांगून बघितली. पाचनेही चिवड्याची सुटका होणार नव्हती, पण ते पुढच्या वर्षीची तयारी करत असावेत. चौकशीत निघालं की त्यांनी घरचे दोन कुत्रे धरले होते.

"कुत्र्याचं ताट नसते साहेब, भांडं असते," बाबूबाई म्हणाल्या आणि पेन्सिलीने पुन्हा तीन केला. प्राचार्य चिवडा घेऊन आले, आणि जरा जास्तच घेऊन आले.

ताटांच्या बाबतीत त्या कोणाच्या शब्दावर जात नसत. दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी बरोबर जेवायच्या वेळेला त्या आमच्या पांढुर्ण्याच्या घरी हजर झाल्या. बसने आल्या होत्या, पिशवीत संत्री होती, पण नजर सगळी स्वयंपाकघराकडे. माझ्या आईने त्यांना पाट दिला. त्या जेवता जेवता मोजत होत्या हे मला कळत होतं, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"सर, आठ हायेत."

"आत्या पाहुणी आली आहे," मी म्हटलं.

"किती दिवसांची?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. आईच म्हणाली, "चार वर्षं झाली असन बाप्पा आता." आत्या स्वतःच एवढी हसली की तिला ठसका लागला. पुढच्या फेब्रुवारीत माझ्या कागदावर आठ आले.

नाही म्हणायला सरकार दुसरीकडे ताटं मोजतंच. पण प्रत्येक खात्याची मोजायची पद्धत वेगळी, आणि बाबूबाईंना त्याचाही राग. "राशनवाला डोकी मोजते, घरकुलवाला छत मोजते, शेतीवाला जमिनीचा खसरा मोजते," त्या बोटं दुमडत सांगायच्या, "अन् आपलं टॅक्सवालं काहीच मोजत नाई, सरळ कापते." त्यामुळे आमच्या भागात एक रीत पडली आहे. एकाच चुलीवर जेवणारी माणसं कागदावर वेगळी निघतात. आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाचा एक सरकारी नंबर असतो. त्या कागदावर वर मुखियाचं, म्हणजे कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली सदस्यांची. घरातला एक भाऊ नोकरीला असला, कर भरत असला, तर त्याच्यामुळे बाकीच्यांचे लाभ अडतात, म्हणून भाऊ भाऊ कागदावर अलग होतात. भांडण काही नसतं. सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या ऑनलाइनच्या दुकानात जायचं, नंबर वेगळा करून घ्यायचा आणि संध्याकाळी परत एकत्र जेवायला बसायचं.

आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं असे कागद घेऊन बाबूबाईंकडे येत. शाळेच्या कामात ते बसत नव्हतं, पण मधल्या सुट्टीत त्या सगळ्यांना बसवून घेत. त्यांचा एकच नियम होता. "कागद ताटाच्या मागं चालला पाहिजे. ताटाले कागदाच्या मागं चालवू नका." मग ज्यांना वेगळं व्हायचंच असेल त्यांना त्या करून देत, पण वर बजावत, "अलग नंबर भेटला म्हणून दुसरी चूल मांडू नका."

मला तेव्हा हे सगळं वेडेपणाचं वाटे. एका फेब्रुवारीत माझा कर जरा जास्तच कापला गेला, मी आधीच वैतागलेलो, आणि बाई माझ्यासमोर माझीच कड घेऊन तावातावाने बोलत होत्या. मी फटकन बोलून गेलो, "बाई, तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही तर एकट्या."

बोललो आणि जीभ चावली. त्या रागावल्या नाहीत. पेन्सिल खाली ठेवली.

"माझे वडील याच खुर्चीवर होते सर. ते गेले, त्यायच्या जागी मले घेतलं. तवा घरी अकरा ताटं होती. माय, आजी, काकू, भाऊ, बहिणी, सगळे. माझ्या एका पगारावर अकरा. मंग एक एक जण निघालं. कोणी नागपूरले गेलं, कोणी पुण्याले गेलं, बहिणी सासरी गेल्या, म्हातारी माणसं गेली. चांगलंच झालं, सगळे चांगले हायेत. पण मी दर वर्षी हा फॉर्म भरून राहिली ना, तं पाहते. अकरा ताटं होती तवाबी फॉर्म हाच होता, अन् एक राहिलं तवाबी हाच. घर रिकामं झालं हे सरकारले कळलंच नाई."

त्यानंतर मी त्यांच्या पेन्सिलीच्या आकड्याची थट्टा केली नाही. एवढं मात्र सांगितलं पाहिजे की त्यांना माझी दया नको होती. पाचव्या मिनिटाला त्या खेळाच्या सरांच्या दुधात पाणी आहे का याची चौकशी करत होत्या.

आता त्या मोहगावच्या मुलीची गोष्ट, जिच्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

ती आमच्याच शाळेत बारावी झाली. हुशार, अबोल, आणि नर्स व्हायचं हे आठवीपासून पक्कं. आईवडील लहानपणीच गेलेले, दोन काकांनी वाढवलेली. रिझल्टनंतर नर्सिंगचा फॉर्म आणि वजिफ्याचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ती ऑनलाइनच्या दुकानात गेली आणि तासाभरात आमच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. "बाई, माझं नावच निघून नाई राहिलं."

बाबूबाईंनी कागद पाहिले. दोन वर्षांपूर्वी काका कागदावर वेगळे झाले होते. मोठे काका शेतकरी, संत्र्याची बाग, कर वगैरे काही नाही. त्यांच्या कागदावर सहा नावं. धाकटे काका सरकारी नोकरीत, पगारातून कर जाणारे. त्यांच्या कागदावर चार. मुलीचं नाव या कागदावर नाही आणि त्या कागदावरही नाही. नंबर नसला की वजिफा नाही, आणि फॉर्मही पुढे सरकत नाही. मुदत महिनाभराची. वर्ष वाया गेलं असतं तर घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको.

दोन्ही काकांना शनिवारी शाळेत बोलावलं. साक्षीला मी. मला वाटलं होतं आता जोरदार खडाजंगी होणार आणि मी बाह्या सरसावून तयार होतो. पण दोघेही भले लोक निघाले, माझी निराशाच झाली.

"मी म्हटलं हे लहान्याच्या घरी अभ्यास करते, तिथं लाइट-फॅन हाय, तं त्याच्याच कागदावर असन," मोठे काका म्हणाले.

"अन् मी म्हटलं माझ्याकडे टाकली तं वजिफा जाईन पोरीचा," धाकटे म्हणाले, "म्हणून दादाकडेच राहू दे. तिच्याच भल्यासाठी जी."

म्हणजे दोघांनीही तिचा विचार केला होता आणि दोघांच्या विचारांच्या मधून ती खाली पडली होती. बाबूबाईंनी ऐकून घेतलं आणि मुलीकडे वळल्या. "आता तू सांग. ताट कुठं असते तुझं?"

"सोमवार, मंगळवार, बुधवार मोठ्या काकाकडे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार लहान्या काकाकडे." कागद वेगळे झाल्यावर दोन-चार महिन्यांत चुलीही वेगळ्या झाल्या होत्या, आणि दोन्ही काकूंनी मिळून असं ठरवलं होतं.

"अन् रविवारी?"

"रविवारी तिची मर्जी," मोठे काका कौतुकाने म्हणाले. "जिकडं मन लागन तिकडं."

"हो ना, आम्ही बंधन नाई ठेवलं," धाकटे म्हणाले.

"तू सांग," बाई मुलीला म्हणाल्या. "रविवारी कोणाकडे?"

तिने ओढणीचं टोक पिळलं. "कोणाकडेच नाई. एकाकडं गेली तं दुसऱ्याले वाईट वाटन. मी सांगते का तिकडून जेवून आली."

जवळपास दोन वर्षं. दर रविवारी ती बिस्किटाचा पुडा घेऊन मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. दोन्ही घरांना वाटायचं आज ती दुसरीकडे. मोठे काका उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. धाकट्यांनी चष्मा काढला. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली.

बाबूबाईंनी मात्र टेबलावर हात मारला. "सात दिवस दोन घरात भागत नाईत हे कोणाच्याच ध्यानात नाई आलं? गणिताचे सर कुठं गेले?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या रविवार. उद्या माझ्याकडे ये. माझं पातेलं पाच माणसांचंच हाय."

त्या रविवारी ती गेली. पुढच्या रविवारीही गेली. आता काकांच्या घरांतून तिला ओढाताण सुरू झाली होती. मोठ्या काकूने रविवारी पुरणपोळी केली, तर धाकट्या काकूने पाटवडीचा रस्सा. मुलगी दोन्हीकडे एक एक घास खाऊन बस पकडायची आणि सौंसरला उतरायची. एका रविवारी मी कामाने सौंसरला होतो, म्हणून डोकावलो. दोघी जमिनीवर बसून संत्री सोलत होत्या आणि शेजारणीच्या नव्या जावयाची नक्कल करून हसत होत्या. त्या अबोल मुलीला इतकं बोलताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. बाबूबाईंनी मला जेवून जा म्हटलं. पण त्या दिवशी पातेल्यात भाजीच उरली नव्हती.

मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा पुन्हा सगळे ऑफिसात जमले. दोन्ही काका आता भांडत होते, पण उलटं. माझ्याकडे टाका, नाही माझ्याकडे टाका. बाबूबाईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी तो रात्रभर मांडला असावा असं मला वाटलं.

"मोठ्या काकाकडं जा पोरी. त्याले कर नाई, त्याच्या घरी तुले पुरा वजिफा भेटन. लहान्याकडं गेली तं पगार आडवा येईन. सरळ गणित हाय."

"मले तुमच्याकडं टाका," ती म्हणाली.

बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"माझ्याकडं? माझ्याइतकं वाईट घर तुले अख्ख्या जिल्ह्यात भेटणार नाई! एक ताट, पुरा पगार, पुरा टॅक्स. माझ्या कागदावर आली का वजिफा गेला, राशन गेलं, सगळं गेलं. एक रुपया नाई भेटणार तुले सरकारकडून."

"माहीत हाय."

"मंग काहून?"

ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "मोठ्या काकाच्या कागदावर मी सातवी, बाई. लहान्या काकाच्या कागदावर पाचवी. तुमच्याकडं मी दुसरी राहीन. मले दुसरी व्हायचं हाय."

मी एवढी वर्षं त्या बाईंना बोलताना ऐकलं होतं. प्राचार्यांना, साहेबांना, दिल्लीलासुद्धा त्यांच्याकडे उत्तर होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी हिशेबाचा कागद उचलला, परत ठेवला, पदराने नाक पुसलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो, कारण माझे डोळे भरले होते आणि मला ते कोणाला दाखवायचे नव्हते.

शेवटी मोठे काकाच बोलले. "बाई, तिच्या मनात हाय तं होऊ द्या. वजिफा गेला तं गेला. आम्ही दोघं भाऊ का मेलो हावो का?" धाकट्यांनी लगेच मान हलवली. खर्चावरून मग तिघांची खरीखुरी खडाजंगी झाली, कारण प्रत्येकाला सगळा आपणच करायचा होता. शेवटी फी बाईंकडे, होस्टेल मोठ्या काकांकडे आणि पुस्तकं-कपडे धाकट्यांकडे, असं ठरलं. मुलीने एकच अट घातली की सुट्टीत ती तिन्ही घरी जाईल, आणि कुठल्या दिवशी कुठे हे ती स्वतः सांगेल.

ऑनलाइनच्या दुकानात आम्ही सगळेच गेलो, एवढीशी ती जागा, ऑपरेटर बिचारा भिंतीला चिकटला. त्याने मुलीचं नाव घातलं, आधार घातलं, बोट लावून घेतलं आणि मग थांबला. "मुखियाशी नातं काय?" पडद्यावर यादी उघडली होती. पत्नी, पुत्र, पुत्री, बहू, खाली बरीच. मला मनातून वाटत होतं बाईंनी पुत्री म्हणावं. मोठ्या काकांनाही वाटलं असावं, ते हळूच म्हणाले, "पोरगीच लिहा ना बाई."

"खोटं नाई लिहायचं," बाबूबाई म्हणाल्या. "शेवटचं कोणतं हाय?"

"अन्य."

"तेच टाक. नातं सरकारले काय सांगायचं, आपल्याले माहीत असलं म्हणजे झालं."

बाईंच्या फोनवर नंबर आला. तो त्यांनी मुलीकडे दिला आणि तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्याच बैठकीत नर्सिंगचा फॉर्मही भरला गेला. मग प्रिंटरमधून कागद बाहेर आला. वर मुखिया म्हणून बाईंचं नाव, खाली दुसऱ्या क्रमांकावर तिचं. बाबूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि एवढा वेळ वाचत उभ्या राहिल्या की मागे रांगेतला माणूस खाकरला.

"किती झाले?"

"वीस रुपये, बाई."

"याच्या अजून पंधरा कॉप्या काढ."

"पंधरा? फॉर्मले एकच लागते."

"काढ तू."

त्या कॉप्या त्यांनी मूल झाल्यावर पेढे वाटावेत तशा वाटल्या. एक मोठ्या काकांना, एक धाकट्यांना, एक प्राचार्यांना, एक खेळाच्या सरांना, एक चपराशाला, एक मोहगावच्या बसच्या कंडक्टरला. तो कागद काय आहे हे त्या कंडक्टरला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. एक माझ्या हातात आली. मी म्हटलं, "बाई, ही माझ्या काय कामाची?"

"सांभाळून ठेवजा, सर," त्या म्हणाल्या. "आमचं कुटुंब हाय ते."